कपाटाचे स्क्रू झाकावेत, कच्चेपणा झाकू नये

कष्टकरी माणसाच्या घरात नवे कपाट येणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा सारा संसार एका पत्र्याच्या पेटीत मावत असे. पुढे लोखंडी कपाट आले. लग्नात मिळालेल्या त्या कपाटावर बोहारणीकडून घेतलेली भांडी, वर गाद्या, त्याहून वर मुलांच्या वह्या, असा डोंगर आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. आता खोक्यात सुट्या फळ्या भरून येणारे आणि घरीच जोडायचे मॉड्युलर कपाट आपल्या वस्त्यांतही पोहोचले आहे. बोनस मिळाला, भिशी लागली किंवा हप्ते बांधून घेतले की ते घरी येते. फिटर दोन तासांत जोडून जातो आणि मग घरातील भगिनींच्या लक्षात येते की कपाटाच्या बाजूच्या फळीवर वरपासून खालपर्यंत स्क्रूंची डोकी चमकत आहेत. नव्या साडीला ठिगळ लावावे तसे ते दिसते.

हे स्क्रू कसे झाकावेत, असे आम्हांस बऱ्याच ठिकाणी विचारले जाते. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षुल्लक प्रश्नाच्या पोटात घराच्या टापटिपीचा, पैशाच्या हिशेबाचा आणि लहान मुलांच्या जिवाचाही प्रश्न दडलेला आहे. म्हणून या वेळी या सदराची जागा आम्ही त्यालाच देत आहोत.

विषय आज निकडीचा झाला आहे त्याला आणखी एक कारण आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. मुंबई-ठाण्यात ठिकठिकाणी पुनर्विकास चालू आहे आणि जुन्या खोलीतील फळ्या, मांडण्या, पोटमाळे नव्या घरात नेता येत नाहीत. मग एकाच वेळी कपडे, भांडी, पुस्तके यांसाठी कपाटे घ्यावी लागतात. घर एकदाच सजते आणि त्यात झालेली चूक पुढची दहा वर्षे डोळ्यांसमोर उभी राहते.

स्क्रू मुळात दिसतात का?

जुना सुतार मिस्त्री सागाच्या लाकडाला खाच पाडून दुसऱ्या लाकडाचे टोक तीत ठोकून बसवीत असे. सांधा लाकडाच्या पोटात राही. आजचे स्वस्त कपाट अखंड लाकडाचे नसते. लाकडाचा चुरा आणि डिंकासारखे रसायन दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे ते असते. वर सनमायकासारखा रंगीत थर चिकटविलेला असतो. या बोर्डाला खाच मानवत नाही, त्याचा भुसा होतो. म्हणून तो जोडण्याच्या तीन तऱ्हा रूढ झाल्या आहेत.

पहिली तऱ्हा जाड, बोथट स्क्रूची. साधारण ७ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब असा हा स्क्रू बाहेरच्या बाजूने आडव्या फळीच्या कडेत घुसतो. तो मजबूत आणि स्वस्त, पण त्याचे डोके बाहेर दिसते. दुसरी तऱ्हा कॅम-लॉकची. एका फळीत खिळ्यासारखा बोल्ट उभा करतात आणि दुसऱ्या फळीत बहुधा १५ मिलिमीटर व्यासाची गोल चकती बसवितात. चकती सुमारे अर्धा फेरा फिरविली की ती बोल्टचे डोके पकडून दोन्ही फळ्या आवळते. इथे बाहेरून काहीच दिसत नाही, चकती तेवढी आतल्या बाजूस दिसते. तिसरी तऱ्हा लाकडी खुंटीची. ८ मिलिमीटर जाडीची ही खुंटी दोन फळ्यांच्या भोकांत बसते, फळ्या सरकू देत नाही आणि सांध्याच्या आत पूर्ण लपते. बहुतेक कपाटांत यांपैकी दोन किंवा तिन्ही तऱ्हा एकत्र असतात.

तेव्हा खरेदी करतानाच दुकानदारास विचारावे, “बाजूच्या फळीवर स्क्रू बाहेरून येतात की आतून कॅम-लॉक आहे?” हा एक प्रश्न विचारला तर पुढची निम्मी कटकट वाचते.

जोडण्यापूर्वीचा विचार

स्क्रू झाकण्याचे खरे काम कपाट उभे राहिल्यावर सुरू होत नाही. ते खोके फोडल्याबरोबर सुरू होते. जमिनीवर जुनी चादर अंथरून सर्व फळ्या मांडाव्यात. स्क्रूची पुडी ताटात ओतून माहितीपत्रकाप्रमाणे मोजून घ्यावी. मग कपाट कुठे उभे राहणार ते ठरवावे. जी बाजू भिंतीला टेकणार किंवा दुसऱ्या कपाटाला चिकटणार, तिच्यावरील स्क्रू झाकण्यासाठी एक पैसाही खर्च करण्याची गरज नाही. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कपाटाची एकच बाजू उघडी राहते, म्हणजे काम तिथेच अर्धे झाले.

आतल्या चकत्यांनाही एक युक्ती आहे. डोळ्यांच्या पातळीखालच्या फळीचा वरचा भाग आपल्याला दिसतो, म्हणून तिथे चकती खालच्या अंगास असावी. डोळ्यांच्या वरच्या फळीचा खालचा भाग दिसतो, तिथे चकती वरच्या अंगास असावी. मात्र फळी उलटताना पट्टी लावलेली कड पुढेच राहिली पाहिजे आणि दोन्हीकडची भोके जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील तर हट्टाने नवी भोके पाडू नयेत. पत्रकात दाखविले तसेच बसवावे.

झाकण्याचे उपाय

सर्वांत सोपा उपाय टोपीचा. स्क्रूच्या डोक्याच्या खाचेत दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पांढऱ्या, तपकिरी, काळ्या, लाकडी छटेच्या अशा त्या असतात. स्क्रूची खाच चौफुलीची आहे की षटकोनी, ते पाहून त्याच आकाराची टोपी घ्यावी. नमुन्यासाठी एक स्क्रू खिशात टाकून न्यावा, म्हणजे दुकानाच्या दोन फेऱ्या होत नाहीत. दुसरा प्रकार चिकट चकत्यांचा. एका कागदावर अनेक गोल चकत्या असतात. एक सोलून स्क्रूवर दाबायची. ही चकती टोपीपेक्षा सपाट दिसते, पण तेलकट किंवा धुळीच्या जागी टिकत नाही. म्हणून आधी ती जागा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावी. स्वयंपाकघरातील कपाटाला चिकट चकतीपेक्षा दाबून बसणारी टोपी बरी. फोडणीच्या वाफेपुढे डिंकाचे फार चालत नाही.

दुसरा उपाय जादा फळीचा. उघड्या बाजूवर कपाटाच्याच रंगाची एक अखंड फळी बाहेरून लावायची आणि तिचे स्क्रू कपाटाच्या आतून मारायचे. म्हणजे बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. यात हिशेब चुकू देऊ नये. कपाटाची फळी १८ मिलिमीटर आणि वरची फळीही १८ मिलिमीटर असेल तर एकूण जाडी ३६ झाली. तिथे ३० मिलिमीटरचा स्क्रू योग्य. तो बाहेरच्या फळीत १२ मिलिमीटर जातो आणि ६ मिलिमीटर शिल्लक राहतात. ४० चा स्क्रू मारला तर त्याचे टोक नव्या फळीतून बाहेर येईल. दोन्ही फळ्या १६ च्या असतील तर एकूण ३२, तिथे २५ चा स्क्रू पुरे. हा उपाय टोपीहून महाग पडतो, पण दिवाणखान्यातील कपाटाला शोभतो आणि कपाटाची बाजू भक्कमही करतो.

तिसरा उपाय लाकडी बुचाचा. हा अखंड लाकूड किंवा चांगल्या प्लायवूडसाठी आहे. स्क्रूचे डोके ६ ते ८ मिलिमीटर आत जाईल असे रुंद भोक आधी पाडावे. स्क्रू आवळावा. मग त्याच लाकडाचे गोल बूच फेव्हिकॉलचा अगदी थोडा थेंब लावून बसवावे. बुचाच्या रेषा आणि फळीच्या रेषा एकाच दिशेने ठेवाव्यात. वाळल्यावर वर आलेला भाग पटाशीने तासून पॉलिश पेपरने घासावा. सनमायका लावलेल्या पार्टिकल बोर्डावर मात्र हा उद्योग करू नये. भोकाची कड फुटते, वरचा थर टवके उडून निघतो आणि झाकायला गेलेले अधिकच उघडे पडते.

चौथा उपाय भरण्याचा. रंग द्यायच्या फर्निचरवर स्क्रूच्या डोक्यावर पुट्टी भरून, घासून, रंग मारता येतो. सनमायकावर पुट्टीचा डाग उठून दिसतो, तिथे त्याच छटेची मेणाची कांडी वापरावी. रिकाम्या राहिलेल्या भोकांनाही ती चालते. ही भोके बुजविण्याचा आणखी एक लाभ आपल्या भगिनींना चटकन पटेल. ढेकूण हा प्राणी अशाच बारीक फटींत आणि स्क्रूच्या भोकांत दडून बसतो. पलंगाजवळच्या कपाटाची भोके मोकळी ठेवणे म्हणजे त्याला फुकट खोली देणे होय.

दोन कपाटे एकमेकांना जोडायची असतील तर स्क्रू बिजागरीच्या पट्टीजवळ किंवा फळीच्या अगदी खाली मारावा. दार लागले की तो झाकला जातो. या कामासाठी दोन तुकड्यांचा जोड-बोल्ट मिळतो. तो आरपार जाऊन दोन्हीकडे सपाट डोक्याने बसतो आणि साध्या स्क्रूपेक्षा चांगला पकडतो.

टोपी शेवटी लावावी

आता मुद्द्याची गोष्ट. झाकण्याची घाई करू नये. कपाट जोडून झाल्यावर आधी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घ्यावे, मग दुसरे तिरके माप घ्यावे. दोन्ही मापे सारखी आली तर कपाट काटकोनात आहे. सारखी नसतील तर पाठीचा पातळ पत्रा ठोकण्यापूर्वीच ते सरळ करावे. पाठ ठोकल्यावर ते सरळ होत नाही आणि दारे जन्मभर तिरकी लागतात. स्क्रू शेवटी हातानेच आवळावेत. ड्रिल मशीनने आवळताना जोर जास्त लागला की बोर्डाच्या आतील भुसा पिळवटतो आणि स्क्रू गरगर फिरू लागतो. तसा फिरणारा स्क्रू टोपीखाली लपवून पुढे जाणारे फिटर आहेत. तिथे खरा उपाय असा की भोक मोठे करून त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकावी, रात्रभर वाळू द्यावे आणि त्या खुंटीत नव्याने स्क्रू मारावा.

कपाट भरल्यानंतर वजनाने सांधे थोडे बसतात. म्हणून महिनाभराने सर्व स्क्रू आणि चकत्या एकदा आवळून घ्याव्यात आणि मगच टोप्या लावाव्यात. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. जमाखर्चाचा मेळ बसल्याशिवाय वहीखाली सही करू नये हे आम्हांस शिकविलेले असते. टोपी ही त्या सहीसारखी आहे. ती मेळ बसल्यावर यावी.

“स्क्रू दिसतो म्हणून काढूनच टाकतो, फेव्हिकॉलने चिकटवतो,” असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्यावा. फेव्हिकॉल उघड्या लाकडाला धरतो, सनमायकाच्या गुळगुळीत थराला धरत नाही. काम संपल्यावर पुडीत स्क्रू उरले असतील तर फिटरला जाऊ देण्यापूर्वी ते कुठले, हे विचारावे. यात अपमान वाटण्याचे कारण नाही. प्रामाणिक कारागीर उलट खूश होतो. त्याची मजुरीही वेळच्या वेळी द्यावी आणि टोप्या लावण्याचे काम मजुरीत धरले आहे की नाही ते आधीच ठरवावे.

एक स्क्रू कधीही वगळू नये

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तिथे येतो. अनेक उंच कपाटांसोबत आणि खणांच्या टेबलांसोबत भिंतीला बांधण्याची एक पट्टी किंवा कोन येतो. बहुतेक घरांत तो पुडीतच राहतो. कारण काय, तर नव्या भिंतीला भोक पडेल आणि वर पट्टी वाईट दिसेल! वाचकहो, हा स्क्रू शोभेसाठी नाही, तो जिवासाठी आहे.

खणांचे सर्व ड्रॉवर एकाच वेळी बाहेर ओढले की वजन पुढे झुकते. त्यात लहान मूल पायरी समजून खालच्या ड्रॉवरवर उभे राहिले की अख्खे कपाट त्याच्या अंगावर येते. ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेत अशा अपघातांत बालके दगावल्यानंतर २०१६ साली आयकिया या कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागविली. त्या देशाने डिसेंबर २०२२ मध्ये यासंबंधी कायदा केला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून कपडे ठेवण्याच्या कपाटांना सहज न कलंडण्याची परीक्षा सक्तीची केली. हीच कंपनी आपल्या देशात २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे आली. कपाट कोणत्याही कंपनीचे असो वा गल्लीतल्या दुकानाचे, कलंडण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

ही पट्टी झाकता येते, त्यासाठी ती टाळण्याची गरज नाही. कपाटाच्या आत, सर्वांत वरच्या खणात, मागच्या आडव्या जाड पट्टीतून भिंतीत स्क्रू मारावा. पुढे कपडे किंवा वह्या ठेवल्या की तो दिसत नाही. पाठीच्या पातळ पत्र्यातून मारलेला स्क्रू मात्र काही कामाचा नाही, पत्रा फाटून येतो. भिंत कशाची आहे तेही पाहावे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नेहमीची गिट्टी चालते. नव्या इमारतींतील हलक्या सिपोरेक्सच्या भिंतीत साधी गिट्टी सैल होते, तिथे त्या भिंतीसाठी मिळणारी लांब गिट्टी मागून घ्यावी. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नये, आत वायर किंवा पाइप असतो. आणि जड वस्तू नेहमी खालच्या खणात ठेवाव्यात. मुलांची पुस्तके खाली, गाद्या-उशा वर.

याच संदर्भात आणखी एक सूचना. प्लास्टिकच्या टोप्या गोळीएवढ्या असतात. घरात रांगते मूल असेल तर त्याच्या हाताच्या उंचीवर सैल टोपी ठेवू नये. ती आधी तोंडात जाते आणि नंतर घशात. तिथे चिकट चकती घट्ट दाबून लावावी किंवा जादा फळीचा उपाय करावा. उरलेल्या टोप्या डबीत बंद करून ठेवाव्यात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी

आपल्यातील कित्येक कुटुंबे अजून भाड्याच्या खोलीत किंवा संक्रमण शिबिरात आहेत. त्यांना अकरा महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते. त्यांनी बूच चिकटविणे, पुट्टी भरणे असले कायमचे उपाय टाळावेत. झाकलेला स्क्रू पुन्हा सापडला पाहिजे. टोपी नखाने किंवा पातळ सुरीने उचकटता येते, पुट्टी मात्र फोडावी लागते. पार्टिकल बोर्डाचे कपाट पुन:पुन्हा खोलणे त्याला सोसत नाही. दर वेळी भोके थोडी सैल होतात. म्हणून जवळच जायचे असेल तर दारे आणि खण काढून सांगाडा अखंड न्यावा. जिन्यातून नेता येत नसेल तरच खोलावा. माहितीपत्रक, एल-पाना आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी कपाटाच्या आतच चिकटवून ठेवावी. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी. मुलांच्या जिवाचे कारण सांगितल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही आणि जाताना ते भोक पुट्टीने बुजवून देणे काही अवघड नाही.

शेवटी आमच्या भगिनींना एक विनंती. पाना आणि पेचकस हे पुरुषांचेच काम, ही समजूत सोडून द्यावी. शिलाई मशीनची सुई बदलणारा, कुकरची शिट्टी दुरुस्त करणारा हात कॅम-लॉक सहज फिरवू शकतो. घरातील मुला-मुलींना सोबत बसवावे, पत्रक मोठ्याने वाचायला लावावे, स्क्रू मोजायला द्यावेत. नकाशा वाचून वस्तू उभी करणे हे शिक्षणच आहे आणि त्याची फी पडत नाही.

स्क्रू झाकणे वाईट नाही. घर नीटनेटके दिसावे ही इच्छा कोणत्याही चौरस फुटांच्या घरात रास्तच आहे. पण आधी सांधा पक्का, मग भिंतीचा आधार आणि सर्वांत शेवटी टोपी, हा क्रम ध्यानात ठेवावा. आज हा अंक वाचून झाला की घरातील सर्वांत उंच कपाटामागे हात घालून पाहा. तिथे भिंतीला बांधलेला स्क्रू नसेल तर टोप्यांचा विचार पुढच्या रविवारी करा. या रविवारी तो एक स्क्रू मारून घ्या.